आरोग्य केंद्रांच्या सौर राखीव विजेसाठी शासकीय निधी मागताना या चुका टाळा

छतावर पाच किलोवॅटची सौर पॅनेल, बाहेर लख्ख ऊन आणि आत प्रसूतिगृहात मोबाइलच्या उजेडात टाके घालणाऱ्या परिचारिका, हे दृश्य मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात भर दुपारी पाहिले आहे. पॅनेल नवी होती, इन्व्हर्टर नामांकित बनावटीचा होता, निधी पूर्ण खर्च झाला होता आणि उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत गेले होते. कागदोपत्री सर्व काही व्यवस्थित असताना उजेड मात्र नव्हता, कारण प्रस्ताव लिहिताना कोणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता: वीज गेल्यावर कोणत्या खोलीतले कोणते उपकरण किती तास चालले पाहिजे? अशा संचांचे प्रस्ताव तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे वीजबिल वाचवणारा संच आणि अडचणीच्या वेळी वीज देणारा संच एकच आहेत असे समजणे. नेट मीटर असलेला साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, संच महावितरणचा पुरवठा बंद झाला की काही क्षणांत स्वतःही बंद होतो. तो बिघाड नसतो, तशी रचना सक्तीचीच आहे. कारण लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या छतावरची वीज उलटी जाऊ नये. त्यामुळे बॅटरी नसलेला संच कितीही किलोवॅटचा असला तरी वादळाच्या रात्रीच काय, भारनियमनाच्या दुपारीही निरुपयोगी ठरतो. प्रस्तावात ‘सौर ऊर्जा संच बसविणे’ एवढेच लिहिले तर निविदेत सर्वांत स्वस्त, म्हणजे बॅटरीविना, संचाचा दर येतो आणि नियमाप्रमाणे तोच मंजूर होतो. ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही, कारण आपण मागितले तेच त्याने दिलेले असते. म्हणून कामाच्या नावातच ‘बॅटरी साठ्यासह हायब्रिड सौर संच, महत्त्वाच्या भारासाठी स्वतंत्र वायरिंगसह’ असे स्पष्ट लिहावे. भार म्हणजे विजेवर चालणारी उपकरणे.

निधी कोठून मागायचा याविषयीही गोंधळ दिसतो. ‘पीएम सूर्यघर’ योजनेची जाहिरात २०२४ पासून सर्वत्र झाल्यामुळे दवाखान्यालाही ७८,००० रुपयांचे अनुदान मिळेल असे अनेक ग्रामपंचायतींना वाटते. ते अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, आरोग्य केंद्रासाठी नाही. शासकीय आरोग्य केंद्राने जिल्हा वार्षिक योजना, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा आणि महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेमार्फत राबवली जाणारी कामे या वाटा पाहाव्यात. मात्र एकाच कामासाठी दोन ठिकाणी प्रस्ताव पाठवू नये. एकीकडे प्रशासकीय मान्यता झाली आणि दुसरीकडेही नाव यादीत आले, की दोन्ही नस्ती, म्हणजे फाइली, चौकशीत अडकतात.

भाराचा तक्ता: किलोवॅटऐवजी तास लिहा

या तक्त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक प्रस्तावांत तो शेजारच्या केंद्राच्या नस्तीतून जसाच्या तसा उतरवलेला असतो. इमारतीतील सर्व पंखे, दिवे, संगणक आणि गिझर यांची बेरीज करून आलेला आकडा म्हणजे आपली गरज नव्हे. आधी रात्री वीज गेल्यावर खरोखर चालू राहिले पाहिजे ते वेगळे काढावे. उदाहरणार्थ, नवजात बाळाला ऊब देणारा ६०० वॅटचा वॉर्मर चार तास, ३५० वॅटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सहा तास, दहा वॅटचे आठ दिवे बारा तास, ६० वॅटचे चार पंखे दहा तास आणि सक्शन यंत्र मिळून अर्धा तास. हा सगळा हिशेब साधारण आठ युनिटांचा होतो. लेड-ॲसिड ट्यूब्युलर बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते, हे धरले की बॅटरीसाठा सुमारे १९ युनिटांचा हवा. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात, म्हणजे अकरा बॅटऱ्या. पण ४८ व्होल्टच्या संचात त्या चार-चारच्या रांगेने जोडाव्या लागत असल्याने प्रत्यक्षात बारा. लिथियम फॉस्फेट बॅटरी अधिक खोलवर वापरता येते, म्हणून तिचा बारा युनिटांचा साठा पुरतो. एवढा हिशेब तक्त्यात दिसला तर तांत्रिक मान्यता देणारा अभियंता सहसा शंका काढत नाही. ‘पाच किलोवॅट, चार बॅटऱ्या’ असे मोघम लिहिलेला प्रस्ताव मात्र हमखास परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मंजूर होतो.

पॅनेलचा आकडा यानंतर ठरवायचा. उन्हाळ्यात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैच्या ढगाळ दिवशी निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे वीज सर्वाधिक जाते ती पावसाळ्यातच, त्यामुळे एप्रिलच्या उन्हावर बेतलेला संच नेमका गरजेच्या महिन्यात अर्धपोटी राहतो.

लसींच्या शीतपेटीबाबत, म्हणजे आयएलआरबाबत, बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, म्हणून ही पेटी बॅटरीवर सर्वांत आधी घेतली जाते. प्रत्यक्षात तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते आणि चोवीस तासांपैकी आठ तास वीज मिळाली तरी ती तापमान टिकवू शकते. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा धक्का मात्र छोट्या इन्व्हर्टरला पेलवत नाही आणि त्या एका झटक्याने प्रसूतिगृहही अंधारात जाते. तिला दिवसा, पॅनेल जोरात असताना वीज द्यावी आणि रात्रीची बॅटरी वॉर्मरसाठी राखावी. वीज दोन-तीन दिवस गायब राहणाऱ्या गावांत थेट उन्हावर चालणारा स्वतंत्र लसशीतक मागणे योग्य ठरते.

जुन्या वायरिंगवर नवा संच

महत्त्वाचा भार वेगळा काढला नाही तर बॅटरीचा हिशेब पहिल्याच आठवड्यात कोलमडतो. कर्मचारी निवासातली इस्त्री, उपकरणे निर्जंतुक करणारा दोन किलोवॅटचा ऑटोक्लेव्ह आणि पाण्याची मोटर एकाच फेजवर असतील तर संच कितीही मोठा असला तरी अपुराच पडणार. एका केंद्रात बॅटरी दर संध्याकाळी तासाभरात का संपते हे शोधायला गेलो, तेव्हा वायर भिंतीतून निघून मागच्या खोलीतल्या इलेक्ट्रिक शेगडीपर्यंत पोहोचली होती! म्हणून स्वतंत्र वितरण पेटी, वेगळ्या रंगाचे सॉकेट आणि प्रत्येक सर्किटवर एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप पडणारा स्विच), ही कामे अंदाजपत्रकात वेगळ्या बाबी म्हणून धरावीत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर नवा भार चढवण्याआधी वीज सुरक्षा तपासणीचा अहवाल घ्यावा आणि तोच प्रस्तावाला जोडावा. अहवालात दोष निघाले तर प्रस्ताव कमकुवत होईल ही भीती निराधार आहे. दुरुस्तीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात मागता येतो.

जागा निवडताना

बॅटरी आणि इन्व्हर्टर कोठे ठेवणार, हा प्रश्न प्रस्तावात सहसा एका ओळीत उरकला जातो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी इमारतींच्या तळमजल्यात घुसले होते. अशा गावांत जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी पुराच्या पहिल्या तासातच निकामी होते, म्हणजे ज्या प्रसंगासाठी ती घेतली त्याच प्रसंगी. जुन्या पुराची रेषा गावातल्या जाणत्या माणसांना विचारून भिंतीवर खडूने आखावी आणि सर्व विद्युत सामग्री तिच्या वर घ्यावी. किनारपट्टीवर वाऱ्याचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि रत्नागिरीच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेथे पत्र्याच्या छपरावर हलक्या क्लॅम्पने धरलेली पॅनेल चालणार नाहीत. स्लॅबची क्षमता आणि सांगाड्याचा वारा-भार यांबाबत स्थापत्य अभियंत्याचा दाखला आधीच जोडावा, अन्यथा कार्यारंभ आदेशानंतर काम थांबते.

देखभाल आणि मार्च

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला पैसे नाहीत म्हणून लाखोंचा संच बंद पडलेला मी पाहिला आहे आणि ती गोष्ट अपवादात्मक नाही. निधी खरेदीसाठी मिळतो, त्यानंतरची पाच-सात वर्षे कोणाची हे प्रस्तावात लिहिलेलेच नसते. छत्तीसगडमध्ये क्रेडा या राज्य संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवताना देखभालीची व्यवस्था योजनेतच धरली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील सौर वीज असलेल्या केंद्रांत महिन्याच्या प्रसूती सौर वीज नसलेल्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट आढळल्या. त्याचे सारे श्रेय पॅनेलला देता येणार नाही, पण चालू स्थितीतले संच हा त्यातला मोठा भाग असणार. आपल्याकडे निविदेतच पाच वर्षांची सर्वसमावेशक देखभाल मागावी, सुरक्षा ठेव त्या मुदतीशी बांधावी आणि बॅटरी बदलण्याची तरतूद रुग्ण कल्याण समितीच्या ठरावात आजच करून ठेवावी.

प्रस्ताव जानेवारीत हलवायला घेतला तर निविदा, मान्यता, पुरवठा आणि चाचणी हे सर्व ३१ मार्चपूर्वी बसवायची घाई होते. त्या घाईत सामग्री खोक्यांत असतानाच देयक निघते. इमारतीच्या मालकीचा उतारा, केंद्राचा मंजूर वीजभार, वर्षभरात वीज किती वेळा व किती तास गेली याची नोंदवहीतील नक्कल, हे कागद पावसाळ्यातच गोळा करावेत. वीज खंडित झाल्याची नोंदवही फार थोडी केंद्रे ठेवतात. ज्यांच्याकडे ती असते त्यांच्या मागणीला नियोजन समितीत नाही म्हणणे अवघड जाते.

संच आहे, पण रात्री चालत नाही

संच बसला आहे, दिवसा ठीक चालतो, पण रात्री दहाला वीज गेली की तासाभरात शिट्टी वाजून बंद पडतो, अशी तक्रार आली तर बॅटरी खराब ठरवण्याआधी इन्व्हर्टरची मांडणी पाहावी. बसवणारा माणूस बहुधा वीजबिल वाचावे म्हणून ‘आधी सौर, मग बॅटरी, शेवटी महावितरण’ असा क्रम लावून जातो. परिणामी पुरवठा सुरू असतानाही केंद्र संध्याकाळपासून बॅटरीवर चालते आणि खरी वीज जाते तेव्हा ती आधीच निम्मी उतरलेली असते. क्रम बदलून बॅटरीला शेवटचे स्थान द्यावे. काम दहा मिनिटांचे आहे. त्यानेही फरक पडला नाही तर प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे, कारण रांगेतली एक खराब झालेली बॅटरी बाकीच्या तिघींनाही ओढून खाली आणते.

संच ताब्यात घेण्याची चाचणीही म्हणूनच रात्री घ्यावी. वैद्यकीय अधिकारी, ठेकेदाराचा माणूस आणि वायरमन यांच्यासमोर रात्री नऊ वाजता मुख्य स्विच बंद करावा, वॉर्मर व कॉन्सन्ट्रेटर तक्त्यात लिहिलेल्या तासांप्रमाणे चालवावेत, दर तासाला बॅटरीचे व्होल्टेज टिपावे आणि तो कागद तिघांच्या सह्यांनिशी मोजमाप पुस्तिकेला जोडल्यावरच देयक पुढे पाठवावे.