जुन्या करारातले आज्ञापालन : वाचताना आणि शिकवताना या चुका टाळा

गेली बरीच वर्षे मी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा जणांना घेऊन जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, वाचायला बसतो. दर पावसाळ्यानंतर वर्गात नवे चेहरे येतात आणि त्याच जुन्या चुका नव्या उत्साहाने करतात. यांपैकी काही चुका निरुपद्रवी आहेत, काहींनी मात्र मी घरे दुखावलेली पाहिली आहेत. खाली सगळ्या चुकांना सारखी जागा दिलेली नाही, कारण त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

करार म्हणजे भाडेकरार नव्हे

मराठी माणसाला 'करार' हा शब्द रोजच्या व्यवहारात भेटतो तो बहुधा अकरा महिन्यांच्या भाडेकरारात. दोन पक्ष, अटी, सह्या, साक्षीदार, आणि एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. हीच समजूत घेऊन वाचक सीनाय पर्वतापाशी, जिथे देव इस्राएलांना आज्ञा देतो, पोहोचतो आणि 'आपण आज्ञा पाळायच्या, देवाने आशीर्वाद द्यायचा' असा हिशेब मांडून मोकळा होतो.

हिब्रूत करार 'कापतात'. 'कारात बरीत' हा तिथला वाक्प्रचार, आणि त्यातले कापणे निव्वळ अलंकारिक नाही. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राम (त्याचे नाव अजून अब्राहाम झालेले नाही) तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि एक पारव्याचे पिल्लू आणतो; पक्षी तसेच ठेवून बाकीची जनावरे मधोमध चिरतो, अर्धे भाग समोरासमोर मांडतो आणि त्यांवर झडप घालणारे हिंस्र पक्षी हाकलत बसतो. या विधीचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात उघड होतो. यरुशलेमच्या सरदारांनी वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन आपले गुलाम सोडण्याचा करार केला, वेढा सैल पडताच त्याच गुलामांना पुन्हा धरून आणले, आणि तेव्हा यिर्मयाने त्यांना सुनावले की तुमची गत त्या वासरासारखी होईल. म्हणजे तुकड्यांमधून जो चालतो, तो शब्द मोडल्यास स्वतःचे तुकडे होण्याची शपथ वाहत असतो.

आता पुन्हा अब्रामाकडे यावे. सूर्य मावळला आहे, अब्राम गाढ झोपेत आहे, आणि त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. भट्टीसाठी मूळ शब्द 'तन्नूर' असा आहे, जो आपल्या तंदूरचा सख्खा नातेवाईक आहे. अब्राम त्या वाटेने एक पाऊलही टाकत नाही. जो टाकतो, तो देव. हा प्रसंग वर्गात वाचून झाला की मी मुद्दाम काही क्षण गप्प बसतो, कारण भाडेकराराची कल्पना आपोआप गळून पडायला तेवढा वेळ लागतो.

मात्र एवढ्यावरून 'अटीच नाहीत' अशी उडी मारणारे उतावळेही असतात. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात रक्त वेदीवर शिंपडले जाते तसे लोकांवरही, आणि लोक तोंडाने कबूल करतात की आम्ही करू आणि ऐकू. तिथे बंधन दोन्हीकडे आहे. त्यानंतर आठच अध्यायांनी पूजेसाठी सोन्याचे वासरू उभे राहते आणि मोशे आज्ञांच्या दगडी पाट्या फोडतो. भाडेकरार असता तर गोष्ट तिथेच संपली असती. चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला 'पहिल्यासारख्याच' दोन पाट्या घडवायला सांगतो.

माझी सवय साधी आहे. दहा आज्ञा शिकवताना मी निर्गम २०:३ पासून सुरुवात कधीच करत नाही, दुसऱ्या ओवीपासून करतो : मी तुझा देव परमेश्वर, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले. यहुदी परंपरेत तर हे वाक्यच दहा वचनांपैकी पहिले मोजतात. सुटका आधी झाली आहे, आज्ञा नंतर येते. भिंतीवर लावायच्या तक्त्यांत जागा वाचवण्यासाठी नेमके हेच वाक्य गाळतात, आणि मग मुले विचारतात की देव इतका हुकूम का सोडतो.

चौदा ओव्या वाचून थांबणे

आपल्याकडे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. प्रत्येक कुटुंबाने एक उचलायची आणि ते वर्षाचे वचन मानायचे. एका वर्षी त्या चिठ्ठ्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते. चांगली वचने हवीत म्हणून मी 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावर ताव मारला : नगरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित, तुझी टोपली आणि तुझी परात आशीर्वादित. 'परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही' ही चिठ्ठी एका ओळखीच्या घरी गेली. त्यांनी ती देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कोपऱ्यात लावली. ऑगस्टपर्यंत घरमालकाचा धंदा बसला, दिवाळीपर्यंत दागिने गेले. मग एक जाणते म्हणवणारे गृहस्थ त्यांच्या घरी प्रार्थनेला आले आणि त्यांनी तोच अध्याय उघडून पंधराव्या ओवीपासून पुढे वाचला, जिथून शाप सुरू होतात. घरात काही अवज्ञा लपलेली असेल, ती शोधा, असे सांगून ते चहा पिऊन गेले. घरातल्या ताईंनी त्या रात्री मला फोन करून विचारले की दादा, आम्ही नेमके काय केले?

माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चूक त्या गृहस्थांची होती तितकीच माझीही होती. मी चौदा ओव्या एका कुटुंबाला खाजगी भविष्य म्हणून वाटल्या होत्या. त्यांनी उरलेल्या चोपन्न तशाच वाटल्या. दोघांनीही हे लक्षात घेतले नाही की हा अध्याय एका घराशी बोलत नाही. मवाबाच्या मैदानात उभ्या असलेल्या एका संपूर्ण राष्ट्राला उद्देशून तो आहे, आणि त्याची घडण त्या काळच्या राजकीय करारांसारखी आहे. इ.स.पू. ६७२ मध्ये अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने आपल्या वारसाच्या बाजूने मांडलिकांकडून शपथा घेतल्या. त्या कराराच्या मातीच्या पाट्यांचे तुकडे १९५५ मध्ये निमरूद येथे सापडले. त्यात शापांची अशीच लांबलचक यादी आहे, आणि मांडलिकांनी राजपुत्रावर स्वतःच्या जिवासारखे प्रेम करावे अशी अटही आहे. त्यामुळे 'तू आपला देव परमेश्वर याच्यावर पूर्ण जिवाने प्रीती कर' हे अनुवादाच्या सहाव्या अध्यायातले वाक्य वाचताना प्रीती म्हणजे निव्वळ हळवी भावना असे समजणाऱ्यांनीही थोडे थांबावे. त्या शब्दात निष्ठा आहे.

ज्यांना 'दुःख आले म्हणजे अवज्ञा झाली' हे सूत्र अजूनही पटते, त्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. तिथे हेच सूत्र ईयोबाचे मित्र मांडतात, सुंदर काव्यात मांडतात, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. यहूदाचा राजा योशीया याचेही उदाहरण घ्यावे. मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, राजा वस्त्रे फाडतो, हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवतो, देश स्वच्छ करतो. त्याच्यासारखा राजा आधी झाला नाही, नंतर झाला नाही, असे खुद्द ग्रंथकार म्हणतो. इ.स.पू. ६०९ मध्ये तो मगिद्दो येथे मिसरी फौजेपुढे मारला जातो. राजांच्या पुस्तकाने हा मृत्यू दोन ओव्यांत उरकला आहे, समजूत घालण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

त्या वर्षापासून मी चिठ्ठ्या लिहिणे सोडले. अठ्ठाविसावा अध्याय वाचायचाच असेल तर अडुसष्टच्या अडुसष्ट ओव्या मोठ्याने वाचतो, दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तिसाव्या अध्यायापर्यंत पोहोचल्याशिवाय पुस्तक मिटत नाही, कारण पांगलेल्यांना परत गोळा करण्याचे अभिवचन तिथे आहे. वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी दुसरा उतारा सुचवतो.

'ऐक' या शब्दाचा गैरवापर

'यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे' हे १ शमुवेल १५:२२ मधले वचन मी एका सभेत हत्यारासारखे वापरलेले पाहिले आहे. एका तरुणाने निधीचा हिशेब विचारला, आणि व्यासपीठावरून हे वचन त्याच्या अंगावर टाकून त्याला खाली बसवण्यात आले. सभा शांत झाली, हिशेब मात्र राहिला. त्या दिवसापासून हा अध्याय मी वर्षातून एकदा तरी शब्दन् शब्द वाचून घेतो.

हिब्रूत आज्ञा पाळण्यासाठी सर्वांत जास्त येणारे क्रियापद 'शामा' आहे, आणि त्याचा साधा अर्थ ऐकणे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण 'पोरगं ऐकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांत बिघाड आहे असे कोणी समजत नाही. आपल्या छापील बायबलात 'हे इस्राएला, श्रवण कर' असे येते. ते भारदस्त आहे, परंतु 'श्रवण' म्हटले की आपल्याला कीर्तनाला मांडी घालून बसलेली माणसे आठवतात आणि 'ऐक'मधला हुकूम निसटतो. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की बाकी पुष्कळ विसरले गेले तरी त्यांच्या ओठांवर शमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', हे वाक्य राहिले. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना गावाने 'शनिवार तेली' असे नाव दिले.

आता पंधराव्या अध्यायात 'कोल', म्हणजे आवाज, हा शब्द कुठे कुठे येतो ते बोट ठेवून पाहावे. पहिल्या ओवीत संदेष्टा शमुवेल राजा शौलाला परमेश्वराच्या शब्दांचा आवाज ऐकायला सांगतो. चौदाव्या ओवीत, सगळे पाळले असे शौल छातीठोकपणे म्हणत असताना, शमुवेल विचारतो की मग माझ्या कानांवर हा (मारून टाकायला सांगितलेल्या) मेंढरांचा आवाज कसला येतो आहे? बाविसाव्यात पुन्हा परमेश्वराचा आवाज. आणि चोविसाव्यात शौल अखेर कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचा आवाज ऐकला. म्हणजे ज्या अध्यायाचा आधार घेऊन गर्दीपुढे आणि पुढाऱ्यांपुढे मान तुकवायला शिकवतात, त्यात एका राजाचे राज्य जाते ते माणसांचे ऐकल्यामुळे. बाविसावी ओवी चोविसावीशिवाय वाचणे हा आळस आहे, आणि कधीकधी आळसाहून वाईट काही.

याच अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत अमालेकी लोकांचा, त्यांच्या तान्ह्या मुलांसकट, संहार करण्याची आज्ञा आहे. ती गुळगुळीत करून सांगू नये. ऐकणारे अस्वस्थ झाले तर त्यांना अस्वस्थ राहू द्यावे; दोन हजार वर्षांहून अधिक काळ यहुदी आणि ख्रिस्ती वाचक या ओवीपाशी अडखळत आले आहेत.

किरकोळ, पण रोजच्या

यिर्मया २९:११ मधले 'तुम्ही' आदरार्थी समजू नये. हिब्रूत ते अनेकवचन आहे, बाबेलात नेलेल्या निर्वासितांना लिहिलेल्या पत्रातले, आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षे थांबायला सांगितले आहे. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री ही ओवी पाठवणाऱ्यांनी दहावीही पाठवावी.

'हेसेद' (निष्ठेने टिकणारी प्रीती) या शब्दाला आपल्या भाषांतरांत कुठे दया, कुठे कृपा, कुठे वात्सल्य असे निरनिराळे प्रतिशब्द मिळतात, त्यामुळे धागा तुटतो. रूथ नावाची मवाबी विधवा सासूशी ज्या रीतीने वागते ते हेसेद, आणि एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस वेळा देवाविषयी जे म्हटले आहे तेही हेसेद. मी समासात पेन्सिलीने 'हे' असे अक्षर लिहितो.

सहाशे तेरा आज्ञा ही रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) परंपरेतली मोजणी आहे. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, हा आकडा कुठेही लिहिलेला नाही.

मोबाइलमधल्या कोशात शब्दाचा क्रमांक दाबून 'मूळ हिब्रूत याचा खरा अर्थ असा आहे' असे सांगणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, त्यात आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे घातली, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. निदान तेवढे आठवून बोट जरा सावकाश दाबावे.

आज्ञाधारक म्हणजे मुका, ही समजूत

मोरिया डोंगरावर आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला घेऊन निघालेला अब्राहाम एक शब्दही उलट बोलत नाही, म्हणून त्याला निमूट आज्ञापालनाचा पुतळा करून ठेवतात. चारच अध्याय मागे हाच माणूस सदोम नगर वाचावे म्हणून देवाशी घासाघीस करतो, त्यासाठी लागणाऱ्या नीतिमानांचा आकडा पन्नासांपासून दहांपर्यंत खाली आणतो, आणि सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असे तोंडावर विचारतो. मोशेही सोन्याच्या वासरानंतर लोकांचा नाश करू नकोस म्हणून वाद घालतो, आणि देव बेत बदलतो.

मला सर्वांत आवडणारा प्रसंग गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातला आहे, कारण तो भलेभले वाचक याद्यांच्या कंटाळ्यात ओलांडून जातात. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक आणि सरदार यांच्यासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात की आमच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे? आम्हाला वतन द्या. नियमात त्यांच्यासाठी तरतूद नाही. मोशेलाही उत्तर माहीत नाही. तो प्रश्न देवापुढे नेतो, आणि उत्तर येते की त्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. नियमात कलम वाढते.

इथे टाळ्या वाजवून थांबणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. याच पुस्तकाच्या छत्तिसाव्या अध्यायात मनश्शे वंशातले पुरुष तक्रार घेऊन येतात की या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीन बाहेर जाईल, आणि त्यांचेही म्हणणे बरोबर ठरते. पाचही जणी चुलत्यांच्या मुलांशी लग्न करतात, आणि गणनेचे पुस्तक संपते.