पोलीस ठाण्यात तक्रार देताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे अर्जावर शिक्का मारून मिळाला की लोक समजतात एफआयआर झाली. नाही झाली, ती फक्त अर्जाची पोच असते. हातात आलेला कागद नीट बघा. एनसी असेल तर ती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपास करूच शकत नाहीत, म्हणजे तुम्ही महिनाभर फोन करत बसता आणि तिकडे पान पण हललेलं नसतं. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं असतात, आणि तिची कॉपी फुकट मिळते. 1 जुलै 2024 पासून एफआयआरचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहेत, त्यामुळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 154 सांगत वाद घालू नका.

मोबाईलचं तर विचारूच नका. गर्दीत खिशातून मारलेला असतो आणि कागदावर लिहिलं जातं 'गहाळ', आपण घाईत सही ठोकून मोकळे. गहाळ म्हणजे तुमच्याच हातून हरवला, चोरीचा गुन्हाच नाही! फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांचं काम आहे, सहीच्या आधी वाचूनच घ्या.

"आमच्या हद्दीत येत नाही" ऐकून परत फिरू नका, दखलपात्र गुन्हा (ज्यात मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपास करू शकतात) असेल तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची एफआयआर, घ्यावीच लागते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर 3 दिवसांत जाऊन सही करा, नाहीतर ती रेकॉर्डवर येत नाही.

आणि फिर्यादीत मसाला नको. भांडण एकाशी, पण रागाच्या भरात त्याचा भाऊ, मेहुणा सगळ्यांची नावं घुसवतात, मग उलटतपासणीत आरोपीचा वकील तेच धरतो आणि खरी गोष्ट पण खोटी वाटायला लागते. उशीर झाला असेल तर कारण त्यातच लिहा, हॉस्पिटलमध्ये होतो, धमकी होती, जे असेल ते.

"चौकशी चालू आहे" हे उत्तर पण तपासून बघा, कलम 173 नुसार 3 वर्षं किंवा जास्त पण 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षक) परवानगीने एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशी करता येते, ती पण 14 दिवसांत संपवायची असते. एफआयआर घेतच नसतील तर थेट हायकोर्टाकडे धावू नका. आधी एसपीकडे (पोलीस अधीक्षक) लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत अ‍ॅफिडेव्हिट (शपथपत्र). एसपीला पाठवल्याची पोस्टाची पावती जपून ठेवा, कोर्टात पहिली तीच मागतात.