संकेंद्रित सौरवीज प्रकल्प उभारताना

भिंगांनी सूर्यप्रकाश एकवटून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारायचा असेल, तर प्रथम जागेवरील थेट प्रारण (सूर्याकडून न विखुरता सरळ येणारा प्रकाश) मोजावे, कारण ढगांमुळे किंवा धुळीमुळे विखुरलेला प्रकाश ही भिंगे एकवटू शकत नाहीत. केवळ उपग्रहाच्या आकड्यांवर विसंबू नये. पायरहेलिओमीटर, म्हणजे थेट प्रारण मोजणारे उपकरण, जागेवर किमान वर्षभर चालवावे. थेट प्रारण दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे 2000 किलोवॉट-तासांहून कमी भरल्यास साधी सिलिकॉन पॅनेल निवडणेच शहाणपणाचे. अमेरिकेत कोलोरॅडोतील अलामोसा येथे 2012 मध्ये सुरू झालेल्या 30 मेगावॉटच्या प्रकल्पाला उंचावरील कोरड्या खोऱ्याचा लाभ मिळाला.

खरी कसोटी ट्रॅकरची, म्हणजे भिंगांना दिवसभर सूर्याच्या दिशेने वळवत ठेवणाऱ्या यंत्रणेची असते. तीन थरांच्या घटावर (प्रकाशापासून वीज बनवणाऱ्या सौरघटावर) प्रकाश 500 पट एकवटला, तर दिशेत एका अंशाची चूकही उत्पादन जवळजवळ थांबवू शकते. म्हणून पाया, गिअरमधील ढिलाई आणि वाऱ्याच्या भाराने वाकणारी चौकट यांची तपासणी एकत्रितपणे, प्रत्यक्ष वाऱ्यातच करावी. घटाखाली उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी हवी. मोड्यूल (भिंगे आणि घट एकत्र बसवलेले संच) अशा संकेंद्रित सौर मोड्यूलसाठीच्या आयईसी 62108 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रमाणित असावेत.

पुरवठादाराची निवड मात्र सर्वांत जोखमीची, असे माझे ठाम मत आहे. दक्षिण आफ्रिकेतील टाउस्रिव्हियर येथे सुमारे 44 मेगावॉटचा प्रकल्प उभारणारी सॉइटेक कंपनी 2015 मध्ये सौर व्यवसायातून बाहेर पडली. त्यामुळे सुटे भाग, नियंत्रण-प्रणालीचा स्रोत-संकेत (सोर्स कोड) आणि दुरुस्तीचे अधिकार करारातच मिळवावेत.