औषधे घेताना पट्टी, बिल आणि बॅच क्रमांक कसे तपासावेत

ज्या घरात रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडची गोळी रोज लागते, त्या घरात मेडिकलचे बिल दर महिन्याला येते आणि बहुतेकदा न वाचताच भागवले जाते. भारतात औषधांच्या किमतींवर सरकारचे नियंत्रण आहे हा समज अर्धाच खरा आहे, आणि दर्जावरील देखरेख तर त्याहूनही ढिली आहे. त्यामुळे ग्राहकाने काही गोष्टी स्वतः पाहणे भाग आहे. त्यासाठी औषधशास्त्र शिकावे लागत नाही; गोळ्यांच्या पट्टीवरील बारीक मजकूर आणि दुकानाचे बिल नीट वाचले तरी पुष्कळ साधते.

आधी किमतीचे पाहू. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते, आणि २०२२ च्या सूचीत अशी ३८४ औषधे आहेत. ही किंमत उत्पादनखर्चावरून काढली जात नाही. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या विक्रेत्याला पडणाऱ्या दरांची सरासरी काढून तीत विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवला जातो, म्हणजे बाजारभाव मुळातच चढे असतील तर कमाल किंमतही चढीच ठरते. शिवाय दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार ती बदलते. २०२२ मध्ये या मार्गाने सुमारे १०.८ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२.१ टक्के वाढीला मुभा मिळाली, तर २०२४ मध्ये ही वाढ नगण्य होती. सूचीबाहेरच्या औषधांना सहसा कमाल किंमतच नसते; त्यांची छापील किंमत बारा महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. पहिली किंमत कितीही चढी लावली असली तरी तिला सहसा हात लागत नाही.

म्हणून पट्टी हातात आली की प्रथम ब्रँडचे नाव सोडून घटकाचे नाव आणि त्याची मात्रा पाहावी. नंतर राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अ‍ॅपवर ते औषध शोधावे. तुलना नेहमी एका गोळीच्या दराने करावी, कारण एका कंपनीची पट्टी दहा गोळ्यांची तर दुसरीची पंधरा गोळ्यांची असते आणि पट्टीच्या किमतीवरून काहीच कळत नाही. पट्टीवर दोन किंवा तीन घटक एकत्र असतील, तर सूचीतील एकेरी औषधाची कमाल किंमत त्या मिश्रणाला आपोआप लागू होत नाही. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारावे की हेच घटक वेगवेगळ्या गोळ्यांत घेतले तर चालतील का. काही रुग्णांना एकच गोळी खरोखर सोयीची असते, पण पुष्कळदा हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

स्वस्त पर्याय मागण्याची जागा दुकान नव्हे, दवाखाना आहे. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर त्याच घटकाचे दुसरे औषध दुकानदाराने स्वतःच्या मर्जीने देणे औषध नियमांत बसत नाही. म्हणून घटकाचे नाव लिहून देण्याची विनंती डॉक्टरांनाच करावी, आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जावे, जिथे पुष्कळ औषधे ब्रँडच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून कमी दरात मिळतात. थायरॉइड व फेफरे यांची औषधे मात्र डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत, कारण त्यांत मात्रेचा थोडा फरकही बाधू शकतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या मालावर जुनी किंमत छापलेली असली तरी विक्री सुधारित दरानेच व्हायला हवी, म्हणून बिलावरील कराचा आकडा पाहावा.

दर्जाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. औषध कारखान्याचा परवाना ज्या त्या राज्याचे प्रशासन देते, पण तिथे बनलेले औषध देशभर विकले जाते. त्यामुळे एका राज्यातील ढिलाईची किंमत दुसऱ्या राज्यातील रुग्ण मोजतो. २०२५ च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्यांतील अनेकांवर उपचार नागपुरात झाले. औषध तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात बनले होते व तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले, तेव्हाही हेच द्रव्य कारणीभूत होते, आणि न्या. लेंटिन आयोगाने देखरेखीतील त्रुटींवर कठोर ताशेरे ओढले होते.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कोल्ड्रिफ’बाबत इशारा दिला तो एसआर-१३ या बॅचसाठी, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालासाठी. असे इशारे बॅच क्रमांकानेच निघतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला कमी दर्जाच्या आणि बनावट औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर देते, तिच्यातही बॅच क्रमांकच असतो. ज्याच्याकडे तो नोंदलेला नाही, त्याला या यादीचा काही उपयोग नाही. म्हणून बिलाशिवाय औषध घेऊ नये, बिलावर बॅच क्रमांक व मुदत आहे की नाही ते पाहावे, आणि पट्टी कापून सुट्या गोळ्या घेताना बॅच क्रमांक असलेला भाग मागून घ्यावा किंवा त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. यादीत नामांकित ब्रँडही येतात, तेव्हा महागडे म्हणजे खात्रीचे असे समजू नये. ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडांच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ पासूनच्या उत्पादनासाठी क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून दिसणारा बॅच क्रमांक व मुदत वेष्टनाशी जुळते का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

किमतीची तक्रार राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाकडे करता येते. कमाल किंमत ओलांडल्याचे सिद्ध झाले तर जादा रक्कम कंपनीकडून व्याजासह वसूल होते. ती सरकारजमा होते, ग्राहकाच्या हाती पडत नाही, पण पुढच्या ग्राहकांची लूट तरी थांबते. दर्जाची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करावी. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि त्यासाठीचा अर्ज ‘१४-अ’ या नमुन्यात करायचा असतो. ही तरतूद फारच कमी लोकांना ठाऊक आहे. शंका येताच औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे, मात्र बाटली वा पट्टी फेकू नये. न उघडलेली पट्टी शिल्लक असेल तर ती मूळ बिलासह कोरड्या जागी वेगळी ठेवावी, म्हणजे तपासणीला नमुना पुरेसा मिळतो आणि तो कोणत्या दुकानातून आला हे सिद्ध करता येते.