पायथनच्या लेखातला कोड नव्या आवृत्तीवरही चालावा म्हणून

पँडास या पायथनच्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीवरचे जुने लेख चाळले की डेटाफ्रेमला, म्हणजे तिच्यातल्या तक्त्याला, ओळ जोडायला 'अपेंड' वापरलेलं हमखास सापडतं. २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीत ते काढून टाकलं. आज तोच कोड चालवणाऱ्या नवशिक्याला 'अ‍ॅट्रिब्यूटएरर' दिसतो आणि चूक आपलीच आहे असं वाटून तो तासभर शोधत बसतो. हा त्रास लिहिणाऱ्यानेच वाचवायला हवा.

लेखाच्या सुरुवातीलाच आवृत्त्या लिहा: 'पायथन ३.१० ते ३.१३, पँडास २.२'. नुसतं 'पायथन ३' पुरत नाही. 'मॅच' हे विधान ३.१०च्या आधी चालत नाही आणि 'डिस्टयुटिल्स' हे मॉड्यूल ३.१२ पासून पायथनसोबत मिळत नाही.

कोड वेगळ्या फाइलमध्ये चिकटवून तपासू नका. लेखाचीच फाइल चालवा, नाहीतर एक दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहते. पायथनसोबत येणारं डॉकटेस्ट हे तपासणीचं साधन मार्कडाउन फाइलही (साध्या खुणांनी मांडलेला मजकूर) वाचतं. >>> ने सुरू होणारा कोड चालवून ते खाली लिहिलेल्या आउटपुटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. इथे दोन गोष्टी हमखास अडवतात. मार्कडाउनमध्ये कोड संपवणारी तीन बॅकटिक्स (```) आउटपुटला चिकटून असली, तर डॉकटेस्ट त्यांनाही आउटपुटच समजतं आणि बरोबर उदाहरण नापास करतं. म्हणून त्यांच्या आधी एक ओळ रिकामी सोडा. दुसरं, विंडोजवर मराठी मजकुराची फाइल अनेकदा 'युनिकोडडिकोडएरर' देऊन थांबते, कारण डॉकटेस्ट त्या मशीनचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) धरतं. पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू केला की प्रश्न सुटतो.

कोड तोच राहून आउटपुट बदलतं, तेही सांभाळायला हवं. नमपाय या गणिती लायब्ररीच्या २.० आवृत्तीपासून प्रॉम्प्टवर उत्तराचा नुसता आकडा न दिसता त्याभोवती 'फ्लोट६४' हे त्याच्या प्रकाराचं नाव दिसतं. तिथे 'प्रिंट' वापरा, जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत सारखंच छापलं जाईल. सेटमधला क्रम ठरलेला नसतो, म्हणून तो दाखवायचा असेल तर आधी 'सॉर्टेड' करा. एररच्या मजकुरातले शब्द आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तिथे फक्त एररचा प्रकार तपासा.

तपासणी किमान सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या आवृत्तीवर करा. त्यासाठी टॉक्स किंवा नॉक्स घ्या; ही साधनं एकच तपासणी अनेक आवृत्त्यांवर चालवतात. आपोआप तपासणीची सेटिंग्ज याम्ल फाइलमध्ये लिहीत असाल तर तिथे ३.१० अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर तो दशांश समजला जाऊन ३.१ होतो.

लायब्ररींच्या आवृत्त्या पक्क्या बांधून केलेली तपासणी कायम पास होत राहते, पण वाचक मात्र पिपने (लायब्ररी बसवण्याच्या साधनाने) ताजी आवृत्ती घेतो. म्हणून आठवड्यातून एकदा आवृत्त्या न बांधताही चालवा आणि त्या वेळी 'डेप्रिकेशनवॉर्निंग'ला एरर माना. एखादी सोय काढण्याआधी बहुतेकदा असा इशारा येतो. दुसऱ्या लायब्ररीच्या आतून येणारे इशारे नावानिशी वगळा, सरसकट नको.

उदाहरण नापास झालं तर दोन आवृत्त्यांसाठी दोन कोड देण्याआधी दोन्हीकडे चालणारी रीत शोधा. 'अपेंड'च्या जागी 'कॉन्कॅट' जुन्या पँडासवरही चालतं. तशी रीत नसेल तर लेखाच्या सुरुवातीला दिलेली किमान आवृत्ती वाढवा.