किनाऱ्याला लागलेला देवमासा ओळखताना या चुका टाळा

कोकणात मोठं धूड किनाऱ्याला लागलं की पाहणारे लगेच त्याला ‘निळा देवमासा’ ठरवतात. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला लागलेला देवमासा मात्र ब्रूडा जातीचा होता.

पहिली चूक, लांबीवरून जात ठरवणं. पूर्ण वाढलेला ब्रूडा साधारण १२ ते १४ मीटर भरतो. निळ्याचं पिल्लू जन्मतःच सातेक मीटरचं असतं. मग १२ मीटरचं जनावर दोघांपैकी कुठलंही निघू शकतं. शिवाय टेप फुगलेल्या पोटावरून ओढली की आकडा वाढतो. ती अंगाशेजारी, वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ ताणा.

रंगावर तर मुळीच जाऊ नका, उन्हात कातडी सोलवटते. डोक्याचा वरचा भाग बघा: नाकपुड्यांपासून पुढे तीन समांतर कंगोरे असतील तर ब्रूडा. निळ्याला मधला एकच कंगोरा असतो. पाठीवरचा पर ब्रूडाचा उंच आणि कोयत्यासारखा मागे वळलेला, तर निळ्याचा अगदी लहान आणि पार शेपटीकडे.

सगळ्यात जास्त फसगत जबड्यात होते. तोंडात झालर, म्हणजे दातांऐवजी अन्न गाळणाऱ्या पट्ट्यांची रांग, दिसत नाही, म्हणून ‘हा दातांचा देवमासा’ असं ठरवलं जातं. झालरीच्या पट्ट्या हाडाच्या नसतात. त्या आपल्या नखांसारख्या केराटिनच्या असून वरच्या हिरडीत रुजलेल्या असतात. हिरडी कुजली की अख्खी रांग सुटते आणि भरती ती घेऊन जाते. अशा वेळी खालचा जबडा तपासा. बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वळलेली दोन हाडं, पुढे टोकाशी एकमेकांना न सांधलेली, आणि दातांच्या खोबणी कुठेच नाहीत, तर जनावर झालरवालंच. डोक्यावर दोन नाकपुड्या दिसल्या तर शंकाच नको. दातवाल्यांना एकच असते.

म्हणून ‘यांना दात कधी नव्हतेच’ असंही समजू नका. गर्भात दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधी विरून जातात. अंटार्क्टिकात सापडलेल्या सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या ल्यानोसेटस या झालरवाल्यांच्या प्राचीन नातलगाला तर चांगले मोठे दात होते.

आणि ‘उलटी’ शोधत पोट चिरू नका! ती ‘उलटी’ म्हणजे अंबरग्रीस, आणि ते स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाच्या आतड्यात तयार होतं, झालरवाल्यांत नाही. वन्यजीव कायद्यानुसार हाडंही घरी नेता येत नाहीत.

कंगोरे कुजून गेले असतील तर नोंदीत फक्त ‘रॉर्क्वल’ (निळा आणि ब्रूडा दोघेही ज्यात मोडतात ते कुळ) लिहा, वन विभागाला कळवा आणि कातडीचा नमुना डीएनए तपासणीसाठी त्यांनाच घेऊ द्या. ओमुरा ही वेगळी जात २००३ मध्ये जाहीर झाली, तोवर तिचे नमुने ब्रूडातच जमा होत होते.