डिझाइन आणि बांधकाम एकाच फर्मकडे देताय? या चुका टाळा

गेली २२ वर्षं कराड-सातारा भागात बंगल्यांच्या साइटवर देखरेख करतोय. चुका त्याच त्याच होतात आणि भुर्दंड दर वेळी घरमालकालाच बसतो, म्हणून लिहितोय.

आर्किटेक्ट एक, आरसीसीवाला दुसरा, ठेकेदार तिसरा

एका निवृत्त शिक्षकांचं घर चाललं होतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून सरांनी आर्किटेक्टला पायरी ७ इंचांऐवजी ६ इंचांची करायला सांगितली. १० फूट चढायला आधी १७ पायऱ्या होत्या, त्या २० झाल्या. जिना लांबला की वरच्या स्लॅबमधला त्याचा चौक, म्हणजे जिन्यासाठी सोडलेली मोकळी जागाही लांबायला हवी. नवा नकाशा सरांच्या आणि ठेकेदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आरसीसीवाल्याकडे, म्हणजे बीम-स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनियरकडे, गेलाच नाही. ठेकेदारानं जिना नव्या नकाशावरून काढला आणि चौकाचा बीम जुन्या आरसीसी ड्रॉइंगवरून भरला. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा तात्पुरता साचा, उतरल्यावर सर वर चढायला गेले, तर बीमखाली उंची जेमतेम साडेपाच फूट!

मला बोलावलं ते तेव्हा. आर्किटेक्ट म्हणाले, मी नकाशा दिला होता. आरसीसीवाले म्हणाले, मला मिळाला नाही. ठेकेदार म्हणाला, मी कागदाप्रमाणे केलं. तिघंही खरं बोलत होते. स्लॅबला टेकू देऊन बीम तोडला, नव्यानं भरला, दीड महिना गेला, आणि खर्च सरांच्या फंडातून झाला.

एकाच फर्मकडे काम असतं तर जिना बदलला की बीम बदलणं त्यांचंच काम होतं. माझ्या मते एका फर्मचा सगळ्यात मोठा फायदा हाच. ‘नकाशातल्या विसंगतीमुळे तोडफोड झाली तर खर्च फर्मचा’ हे वाक्य मात्र करारात हवंच. आणि फर्म कुठलीही असो, मी प्रत्येक नकाशावर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालून घेतो आणि जुना कागद साइटवरून स्वतः उचलून आणतो. मोबाइलवरच्या फोटोवरून सळई बांधू देत नाही.

एकाच फर्मला दिलं, आता बघायला नको

डिझाइन करणारा आणि बांधणारा एकच असला की तपासणारा उरत नाही. फर्मच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू पुढच्या साइटवर हवे असतात, मग तुमच्याकडचे लवकर निघतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला ६ मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू किमान १४ दिवस, त्याहून लांब बीमला २१ दिवस ठेवायचे असतात. घरांना सहसा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतात, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून मी आणखी आठवडाभर टेकूला हात लावू देत नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आलाय म्हणून घाई करणाऱ्या मालकांवर मी रागावतो, आणि रागावणार. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी बाहेरच्या इंजिनियरला सळई दाखवा. त्याची फी एकूण खर्चापुढे किरकोळ असते.

चौरस फुटाचा दर ऐकून होकार देणं

क्षेत्रफळ कसं मोजणार, कंपाउंड, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी दरात आहे का, जीएसटी वेगळा का, हे आधी लिहून घ्या. टाइल, नळ, वायरचा ब्रँडसुद्धा.

महिन्याच्या हिशेबानं पैसे देणं

पैसे टप्प्यावर द्या: प्लिंथ (जोतं), स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टर. मी ५ टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवायला लावतो.

मंजुरीआधी खोदाई

नको. भूमिपूजन करा, जेसीबी थांबवा.

संकन स्लॅब तपासायच्या आधीच भरणं

संकन स्लॅब म्हणजे बाथरूमखालचा, बाकीच्यापेक्षा खाली घेतलेला स्लॅब. त्याचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ३ दिवस ठेवा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा, खालून छत हातानं चाचपून बघा. फर्मचा सुपरवायझर ‘एक दिवस पुरे’ म्हणेल. तीन दिवस पुरे झाले की मी स्वतः जाऊन बघतो, तोवर भराव घालू देत नाही.